खिडकीचं माप खिडकीपाशीच घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत नव्या घराच्या सजावटीवर आलेला लेख वाचला. रंग, पोत, जाड पडद्यामागे झिरझिरीत पडदा कसा लावावा, हे सगळं त्यात छान सांगितलं होतं. मापाला मात्र एकच ओळ मिळाली होती : खिडकी मोजा आणि ऑर्डर द्या. मी डोंबिवलीत पडदे शिवते आणि माझे यजमान ते घरोघरी बसवतात. रॉड, ट्रॅक, ब्लाइंड्स सगळंच. त्या एका ओळीत लोकांचे किती पैसे जातात ते आम्ही दर दिवाळीला बघतो, म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी लिहिते आहे.

आमच्या भागातल्या एका नव्या संकुलात गेल्या दसऱ्याच्या सुमाराला पझेशन झालं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं की सगळ्यांनी मिळून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळले जाणारे सपाट पडदे, मागवले तर स्वस्त पडतील. विचार चांगलाच होता. पण माप कुठून घेतलं? बिल्डरच्या माहितीपुस्तिकेतून. नकाशावर बेडरूमच्या खिडकीला ‘डब्ल्यू १’ लिहिलेलं आणि खालच्या तक्त्यात पाच फूट बाय चार फूट. सगळे फ्लॅट एकसारखे, म्हणून सगळ्यांना ६० इंची ब्लाइंड. माल आला, तो एकाही खिडकीच्या चौकटीत शिरेना. मग कोणी चौकटीबाहेर भिंतीवर ठोकला, तर दोन्ही बाजूंनी उजेड आत. तिथल्या एका ताईंची हॉस्पिटलात रात्रपाळी असते. दिवसा झोप मिळावी म्हणून त्यांनी अंधार करणारं महागाचं कापड निवडलं होतं. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा ब्लाइंडच्या कडेला वर्तमानपत्रं चिकटवून झोपत होत्या.

आम्ही त्यांची खिडकी मोजली. रुंदी वर ५८ इंच ६ सूत, मध्ये ५८ इंच ४ सूत, खाली ५८ इंच १ सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी, सुतार आणि आम्ही अजून त्यातच बोलतो.) कागदावरच्या ६० इंचांचं काय झालं? नकाशातलं माप असतं भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचं. त्यानंतर प्लास्टर होतं, दोन्ही बाजूंना आणि खाली ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसतात. ग्रॅनाइटची एक पट्टी पाऊण इंचाच्या जवळपास जाड असते, तिच्यामागे मसाल्याचा थर. दोन्ही बाजू मिळून दीड-दोन इंच सहज जातात. शिवाय पट्टी ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, बसली नाही की वरचं माप एक आणि खालचं दुसरं. हल्ली मायवन पद्धतीच्या इमारतींत भिंती साच्यात ओततात, तिथे भिंतीतली जागा बरीच सारखी येते हे खरं. पण ग्रॅनाइट बसवणारा हात माणसाचाच असतो. तेराव्या मजल्याची खिडकी चौदाव्यासारखी दिसते, भरत मात्र तशी नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की माप खिडकीपाशी उभं राहून, ग्रॅनाइट, फरशी आणि रंग झाल्यावर, प्रत्येक खिडकीचं वेगळं घ्यावं आणि पूर्ण लिहून ठेवावं. नकाशावरून नको, शेजाऱ्यांकडून नको, मोबाइलवरच्या फोटोवरून तर नकोच.

आता कसं घ्यावं, तेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

टेप स्टीलचा घ्यावा. शिवणकामाचा कापडी किंवा प्लॅस्टिकचा टेप ओढला की ताणतो, आणि जुना असेल तर कायमचाच लांबलेला असतो. स्टीलच्या टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे पत्र्याचा हूक, थोडा मागेपुढे हलतो. पुष्कळ लोक तो सैल झाला म्हणून टेप फेकून देतात किंवा पक्कडीने दाबून घट्ट करतात. तसं करू नये. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून मोजलं की आकडा स्वतःच्या जाडीएवढा पुढे येतो, आत टेकवून मोजलं की तेवढाच मागे जातो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. चौकटीच्या आत मोजताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजे वाचू नये. डबीची लांबी बहुतेक टेपांवर छापलेली असते. डबीची पाठ भिंतीला टेकवायची आणि तोंडाशी दिसणाऱ्या आकड्यात ती लांबी मिळवायची.

ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि सगळ्यात लहान माप धरावं. उंचीही डावीकडे, मध्ये, उजवीकडे घ्यावी, पण तिथे मोठं माप धरावं, म्हणजे खाली फट राहत नाही. मग दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असं समजावं आणि आत बसवण्याचा हट्ट सोडावा. चौकटीबाहेर, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जादा घेऊन लावलेला ब्लाइंड वाकड्या खिडकीची वाकडी कड झाकतो. त्या ताईंना आम्ही शेवटी तसाच, पण पुरेसा रुंद ब्लाइंड करून दिला.

चौकट किती खोल आहे ते मोजायला लोक हमखास विसरतात. चौकटीच्या आत ब्लाइंडची गुंडाळी आणि तिचा ब्रॅकेट मावायला हवा आणि तो खिडकीच्या काचेपासून नव्हे, हँडलपासून मोकळा राहायला हवा. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला कुलूप असतं, मच्छरांच्या जाळीची फ्रेम असते, ती पुढे आलेली असते. जुन्या चाळीतल्या, वाड्यांतल्या खिडक्यांची लाकडी दारं तर आतच उघडतात. तिथे आत काहीही लावलं की खिडकी कायमची बंद.

आणखी एक गोष्ट, जी ऑनलाइन ऑर्डर देणाऱ्यांनी नीट वाचावी. आतलं माप दिलं की कारखान्यात ते थोडं कमी करूनच ब्लाइंड बनवतात, म्हणजे तो घासत नाही. ग्राहक शहाणपणाने घरीच अर्धा इंच वजा करतो, कारखाना पुन्हा वजा करतो आणि ब्लाइंड अरुंद येतो. ऑर्डरमध्ये स्वच्छ लिहावं : हे भिंतीपासून भिंतीपर्यंतचं आतलं माप आहे, वजावट तुम्ही करायची आहे. रोलर ब्लाइंडमध्ये तर कापडच एकूण रुंदीपेक्षा सव्वा-दीड इंच कमी असतं, कारण कडेला ब्रॅकेट आणि साखळीचं चाक असतं. ज्यांना पूर्ण अंधार हवा त्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

मापाचे आकडे लिहिण्यात सगळ्यात मोठा घोळ होतो तो फुटांत. लोक पाच फूट सहा इंचाला ५.६ लिहितात. आपल्याआपल्यात ते चालतं. संगणकाला ५.६ फूट म्हणजे ६७.२ इंच, आणि आपल्याला हवे असतात ६६. हा सव्वा इंचाचा फरक चौकटीबाहेरच्या पडद्यात खपून जातो, आतल्या ब्लाइंडला नाही. पाच फूट दहा इंच तर आणखी वाईट. ते ५.१० असं लिहिलं की यंत्र ५.१ वाचतं, म्हणजे ६१.२ इंच, आणि हवे असतात ७०. पावणेनऊ इंचांचा खड्डा! कापड मीटरवर विकत मिळतं, ब्लाइंडचा दर चौरस फुटाला असतो आणि माप आपण इंचात घेतो, म्हणून हे होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, फूट विसरा, सगळं इंचात किंवा सगळं सेंटिमीटरमध्ये लिहा. आणि आधी रुंदी, मग उंची. हा क्रम आमच्या धंद्यात सगळीकडे हाच आहे. तो उलटा झाला की आडव्या खिडकीसाठी उभा पडदा येतो.

पडद्यांचं गणित वेगळं आहे, कारण पडदा खिडकीवर नाही, रॉडवर लटकतो. आधी रॉड कुठे येणार ते ठरवावं, मग मोजावं. खिडकीच्या वर चार ते सहा इंच आणि दोन्ही बाजूंना तेवढाच रॉड जादा घेतला तर पडदे उघडल्यावर त्यांचा गठ्ठा भिंतीवर जातो आणि काच मोकळी राहते. वारा हवा म्हणून खिडकी आणि खिडकीवर निम्मा पडदा कायमचा गोळा झालेला, असं मी खूप घरांत बघते. वर एसीचं युनिट असेल तर त्याचा खालचा काठ बघावा. पीओपीचं छत करणार असाल तर ट्रॅकसाठी ठेवायची खाच आधी ठरवावी. पीओपीवाले चार इंच सोडून मोकळे होतात. दोन ट्रॅक, म्हणजे जाड आणि झिरझिरीत असे दोन पडदे, बसवायचे तर किमान सात-आठ इंच लागतात. छत झाल्यावर ती खाच वाढवता येत नाही.

तयार पडद्यांची मापं बाजारात बहुतेक ठरलेली आहेत : पाच, सात आणि नऊ फूट. पाच फूट खिडकीला, सात फूट दाराला. पण आपल्या इमारतींत दार-खिडकीची वरची कडच जमिनीपासून सात फुटांच्या आसपास असते. रॉड तिच्यावर अर्धा फूट गेला की सात फुटी पडदा जमिनीपासून अर्धा फूट वर लोंबकळतो, आणि नऊ फुटी घेतला तर दीड फूट कापावा लागतो. दुकानदार ‘सातचाच घ्या’ म्हणतो, कारण त्याच्याकडे सातचा आहे. घरून रॉडपासून फरशीपर्यंतचं माप घेऊन गेलात तर हा प्रश्न दुकानातच सुटतो. फरशीपर्यंतच्या पडद्याला तीन ठिकाणी मोजून लहान माप धरावं आणि अर्धा इंच सोडावा, म्हणजे फरशी पुसताना काठ भिजत नाही. आयलेटचा, म्हणजे कापडातल्या गोल भोकांतून रॉड जातो तो, पडदा रॉडच्या वर इंच-सव्वा इंच येतो, कड्यांचा पडदा कडीच्या खालून सुरू होतो. त्यामुळे कुठून कुठपर्यंत मोजलं, तेही लिहायला हवं.

कापड किती लागेल हे एकदा मांडून दाखवते. खिडकी ७२ इंच, दोन्हीकडे सहा-सहा इंच धरून रॉड ८४ इंच. चुण्या नीट पडायला दुप्पट कापड हवं, म्हणजे १६८ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे थानाची रुंदी, बहुतेक ४८ इंच असतो, म्हणजे साडेतीन पन्हे, म्हणून चार. रॉडपासून फरशी ९० इंच, वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच, झाले १०२ इंच. असे चार, म्हणजे ४०८ इंच, साधारण १० मीटर ३६ सेंटिमीटर. आता कापडावर मोठी फुलं असतील आणि ती दर २४ इंचांनी परत येत असतील, तर चारही पन्ह्यांवर फुलं एका रेषेत यायला प्रत्येक पन्हा १२० इंच कापावा लागतो. मग लागतात १२ मीटर २० सेंटिमीटर. हे पावणेदोन मीटरहून जास्तीचं कापड दुकानात कोणी सांगत नाही. मग शिवायला टाकल्यावर कापड कमी पडतं आणि शिवणाऱ्या बाईवर संशय येतो. मला हे मनापासून लागतं. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-पाच टक्के आटतं, त्यामुळे ते शिवण्याआधी भिजवून घ्यावं किंवा दुमड सैल ठेवावी. नव्वद इंचांत चार टक्के म्हणजे साडेतीन इंच होतात.

बाल्कनीतल्या बांबूच्या चिकांबद्दल आणि विदर्भातल्या वाळ्याच्या पडद्यांबद्दल फार लिहीत नाही. ते बाहेरून बांधायचे असतात आणि थोडं इकडेतिकडे चालतं. लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड मात्र कोकणात किंवा समुद्राकाठी चौकटीच्या आत अगदी घट्ट मापाचे करू नयेत. पावसाळ्यात लाकूड फुगतं.

मापाबरोबरच ठरवायची एक गोष्ट लहान मुलं असलेल्या घरांत जिवावरची आहे, ती म्हणजे दोरी आणि साखळी. ब्लाइंड वरखाली करायची दोरी किंवा मण्यांची साखळी फासासारखी लोंबते. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल तिच्यात मान अडकवून गुदमरू शकतं, आणि ते आवाजही करू शकत नाही. जगात याने मुलं गेलेली आहेत. युरोपात २०१४ पासून यासाठी कडक मानक आहे, आयकिया कंपनीने २०१६ पासून दोरीचे ब्लाइंड विकणंच बंद केलं, अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार ब्लाइंडना आणि २०२४ पासून मापाने बनवलेल्यांनाही मोकळी लोंबणारी लांब दोरी चालत नाही. ब्रिटनमध्ये पालकांना सांगतात की दोरी किंवा साखळीचं खालचं टोक जमिनीपासून दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट वर हवं. आपल्याकडे माप घ्यायला येणारा मुलगा साखळी कुठल्या बाजूला हवी एवढंच विचारतो. ती किती लांब, हे आपण सांगावं. साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप मागून घ्यावी आणि ती खरोखर बसवून घ्यावी, डब्यात ठेवू नये. त्याच खिडकीखाली पाळणा, पलंग किंवा दिवाण ठेवू नये. शक्य असेल तर दोरी नसलेला ब्लाइंड घ्यावा. आमच्याकडे लहान मूल असलेल्या घराची ऑर्डर आली की आम्ही क्लिप लावल्याशिवाय उतरत नाही, ग्राहक घाईत असला तरी.

मोजणाऱ्याच्या जिवाबद्दलही लिहायला हवं. घरात एकट्या असलेल्या बाईने ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर चढून, सरकती खिडकी उघडी टाकून वरची कड मोजलेली मी पाहिली आहे, तेही अकराव्या मजल्यावर. आधी खिडकी बंद करून कडी लावावी. स्टूल खोलीत, फरशीवर. दुसरं कोणी टेप धरायला असेल तरच उंची मोजावी.

आता मुख्य मागणी. मोठी दुकानं आणि ऑनलाइन कंपन्या ‘मोफत मापन’ अशी जाहिरात करतात. माणूस येतो, पूर्ण घर पाच मिनिटांत मोबाइलमध्ये टिपून जातो, आणि ग्राहकाच्या हातात काहीच राहत नाही. माल चुकीचा आला की ते म्हणतात, मापाने बनवलेला माल परत होत नाही. ग्राहकाने स्वतः चुकीचं माप दिलं असेल तर ते ठीक. पण माप त्यांच्याच माणसाने घेतलं असेल तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तक्रार करायची तर कोणी काय मोजलं याचा कागद हवा. तो कागद माप घेणाऱ्याने त्याच वेळी, सही करून, ग्राहकाला द्यायलाच हवा. आम्ही दोन प्रतींची वही ठेवतो. खोली कुठली, खिडकी कुठली, रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आत की बाहेर, चौकट किती खोल, साखळी कुठल्या बाजूला आणि जमिनीपासून किती वर, तारीख आणि सही. एका खिडकीला दहा मिनिटं लागतात, दोन बेडरूमच्या घराला तासभर. त्या तासाचे पैसे कोणी मागितले तर ते द्यावेत. तो तास फुकट मागणारे पुढे ब्लाइंडच्या किमतीएवढं नुकसान सोसतात.

बिल्डरांनाही विनंती आहे. किल्ल्या देताना विजेच्या जोडण्यांची आणि नळाच्या पाइपांची माहिती देता, तशीच प्रत्येक फ्लॅटच्या खिडक्यांची काम पूर्ण झाल्यानंतरची मापं द्या. त्याचबरोबर खिडकीच्या वर काँक्रीटची तुळई आहे की हलक्या ब्लॉकची भिंत, तेही लिहा. आमचे यजमान रॉड ठोकायला जातात तेव्हा हे कळत नाही. सिपोरेक्सच्या, म्हणजे त्या हलक्या, ब्लॉकमध्ये साधा गट्टू (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा तुकडा) बसवला की वजनदार पडद्यासकट रॉड खाली येतो, आणि काँक्रीटमध्ये साधं ड्रिल चालतच नाही. तुमच्या इंजिनिअरला ते ठाऊक असतं, त्यामुळे एक कागद जोडायला तुम्हाला जड जाऊ नये.

आणि आपल्याला, संपादक महोदय, ही विनंती. दसरा-दिवाळीच्या आधीच्या पुरवणीत सजावटीच्या लेखांशेजारी अशा मापाच्या चिठ्ठीचा नमुना चौकटीत छापावा, म्हणजे वाचक तो कापून खिडकीपाशी नेतील. आमच्या वहीतलं कोरं पान सोबत जोडलं आहे. त्यात काही कमी असेल तर सुतार, अ‍ॅल्युमिनियमवाले आणि माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायकांकडून भर मागवावी. पत्रव्यवहारात ती आली तर मीही माझ्या वहीत घालीन.

आपली नित्य वाचक,
डोंबिवली (पूर्व)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)